जांभळ्या टोकापर्यंत

सन एकोणीसशे सत्तेचाळीस. मला एकसष्टावं चालू होतं. सकाळी मागावर बसलो होतो, तेवढ्यात शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "परसूआण्णा, वामनमास्तर गेले." मी हातातला आडव्या धाग्याचा धोटा आधी पलीकडच्या काठापर्यंत पोचवला, फणी ठोकली, मग मागाच्या खड्ड्यातून वर आलो. आडवा धागा अर्ध्यात सोडला की कापड ते कायम दाखवत राहतं. राजा गेला असता तरी मी तेच केलं असतं, आणि मास्तरांना ते पटलं असतं.

मयताला गेलो. पण त्यांच्या घराची पायरी चढलो न्हाय, रस्त्याच्या पलीकडं उभा राहिलो. पंधरा वर्षांमागं बोललो होतो की या घरात परत पाऊल ठेवणार न्हाय, आणि बोललेलं मोडायची मला सवय न्हाय. ते कशावरून घडलं हे लोक आपापल्या परीनं सांगतात, त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. माझी शाळा दुसरीपर्यंत. शुद्धलेखन छापणाऱ्यानं बघावं, मजकुराला हात लावू नये.

मास्तर बेळगावच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. माझा माग वडगावात. बायकोसाठी लुगडं घ्यायला म्हणून ते आले आणि घडीवरची धूपछांव बघून तिथंच बसले. उभा धागा तांबडा, आडवा निळा, त्यामुळं कापड हलवलं की रंग बदलतो. ते तासभर ती घडी हलवत राहिले. बायको कंटाळून शेजारी पाणी प्यायला गेली. जाताना मला म्हणाले, "आण्णा, आता तुम्ही माझा माग बघायला या."

त्यांचा माग म्हणजे घरामागची एक खोली. पूर्वेच्या खिडकीच्या फळीला बोराच्या बीएवढं भोक. फळी लावली की अंधार, आणि भोकातून उन्हाची एकच काडी आत. त्या काडीत त्यांनी लोलक धरला, झुंबराला टांगतात तसली तिकोनी काच... आणि समोरच्या भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पट्टा उमटला.

"हे रंग काचेत नाहीत, आण्णा. उन्हातच आहेत. काच प्रत्येकाला वेगळं वाकवते. तांबडा कमी वाकतो, जांभळा सगळ्यांत जास्त."

"म्हंजे ऊन रंगाऱ्याकडनं होऊन आलंय म्हणा की."

ते हसले. मग दुसरा लोलक उलटा धरून त्यांनी सगळे रंग परत एक करून पांढरे केले. उसवलेलं परत विणल्यासारखं. ते मला आवडलं, पण मी तसं बोललो न्हाय.

पुढं माझं जाणं-येणं सुरू झालं. एकदा त्यांनी हिरवट खड्याच्या दोन पातळ चकत्या दाखवल्या. एकावर एक ठेवून बघितलं तर उजेड आरपार येतो. वरची चकती पाव फेरा फिरवली की काळोख. दोन्ही खडे स्वच्छ, आणि मधला उजेड गायब! मास्तर म्हणाले, "उजेडाची लाट उभी हलते, आडवी हलते, तिरपी हलते. हा खडा एकाच दिशेची पुढं सोडतो. पण हे पोरांना कशासारखं सांगू, तेच सुचत नाही." मी घरी जाऊन जुन्या दोन फण्या आणल्या. दोन्हींच्या दातांमधल्या फटींतून एकच दोरा ओवला, ताणला आणि उभा हलवला. लाट दोन्हींतून गेली. मग पुढची फणी आडवी केली. लाट तिथंच मेली. मास्तर माझ्याकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात तेच करून दाखवलं आणि सांगितलं, "हे माझं नव्हे, वडगावच्या परसूआण्णांचं." दुसरी शिकलेल्या माणसाचं नाव हायस्कुलात घेतलं गेलं. हे मी अजून विसरलो न्हाय.

आता लुगड्याचं. मास्तरांची बायको लवकर गेली. एकच लेक, वत्सला. तिचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, मला आईच्या लुगड्याच्या रंगाचंच पाहिजे. जुन्या पदराचा तुकडा माझ्याकडं दिला. मास्तर म्हणाले, "आण्णा, रंग उन्हात जुळवा बरं का." मी म्हणालो, "तीस वर्षं जुळवतोय मास्तर. तुमी पोरं शिकवा." आषाढ होता, माग खड्ड्यात, दिवसासुद्धा अंधार. मी कंदील खुंटीला लावला, पदराच्या शेजारी सुताची लड धरली. तंतोतंत. तीच लड चढवली आणि असं लुगडं विणलं की काठाला बोट लावायला जागा न्हाय.

लग्नाच्या सकाळी मांडवाबाहेरच्या उन्हात वत्सलानं दोन्ही लुगडी शेजारी धरली. आईचं पिकल्या जांभळासारखं. माझं कोकमासारखं तांबूस. एक बाई मोठ्यानं म्हणाली, "डोळं झाकून विणलं जणू." सगळे हसले. मास्तरांनी हळू विचारलं, "आण्णा, कंदिलात जुळवलंत का?"

ते हसले असते तर मी सोसलं असतं. त्यांनी खरं विचारलं. मी म्हणालो, "तुमच्या काचेनं माझा रंग बाटवला. या घरात परत पाऊल ठेवणार न्हाय." आणि निघालो. वत्सला तेच लुगडं नेसून बोहल्यावर उभी राहिली, असं मागनं कळलं. पदराचा तुकडा माझ्याकडंच राहिला.

तेरा वर्षं खडेबाजारात भेट झाली तर मान हलवायची, एवढंच. दोन वर्षांमागं मास्तर स्वतः काठी टेकत माझ्याकडं आले. बरोबर कंदील, भेग पाडलेला पुठ्ठा आणि लोलक. कंदिलापुढं पुठ्ठा धरून, लोलक माझ्या हातात देऊन म्हणाले, "यातून बघा. आता खिडकीच्या उजेडात बघा. फरक दिसतो का, जांभळ्या बाजूला?"

दिसला. कंदिलाच्या पट्ट्यात तांबडा, पिवळा भरपूर, आणि निळ्यापाशी रंग विझत गेलेला. खिडकीच्या पट्ट्यात जांभळा पार टोकापर्यंत. कंदिलात मला लडीतला निळा कमी का वाटला न्हाय, ते एका नजरेत कळलं. मी लोलक खाली ठेवला आणि म्हणालो, "मला दोन्ही सारखंच दिसतंय."

मास्तरांनी कंदील विझवला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे, आण्णा... असू दे." मला वाटलं, हरले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वत्सला माझ्याकडं आली. तिला खानापुरात दिलीय, वडिलांचं घर आवरायला थांबली होती. फडक्यात गुंडाळलेला लोलक तिनं माझ्यापुढं ठेवला.

"आप्पांनी तुम्हाला द्यायला सांगितलंय, काका. म्हणाले, दिसेल तेवढं तरी बघू दे त्याला."

"दिसेल तेवढं म्हंजे?"

ती घुटमळली. "तुम्हाला निळा-जांभळा दिसत नाही ना... तुमच्याकडून आले त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. म्हणाले, परसूचा काही दोष नव्हता आणि मी भर मांडवात त्याला विचारलं."

"आणि कुणाला सांगितलं त्यांनी?"

"फक्त खडेबाजारात, तुम्हाला सूत देणाऱ्या पेढीवर. जांभळ्याचं काम देऊन त्यांना अडचणीत आणू नका, एवढंच."

दोन वर्षं पेढीवरून मला नुसतं तांबडं आणि पिवळं सूत येत होतं. मी समजत होतो, लढाईमुळं.

तिला खरं सांगावं, तर मास्तरांच्या तोंडावर खोटं बोललो हे कबूल करणं आलं. गप्प बसावं, तर रंग न दिसणारा विणकर ठरणार. मी गप्प बसलो. ती चहा पिऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून टोपी घातली, पेटीतला पदराचा तुकडा आणि लोलक घेतला आणि मास्तरांच्या घराची पायरी चढलो. वत्सला ट्रंक बांधत होती. मी थेट मागच्या खोलीत गेलो, फळी लावली, भोकातलं जाळं बोटानं काढलं आणि तिला हाक मारली. भिंतीवर पट्टा उमटला. मी जांभळ्याच्या शेवटच्या कडेवर बोट ठेवलं.

"हितं संपतंय. बघ, बरोबर हाय का."

तिनं मान हलवली.

"मास्तर कंदील घेऊन माझ्याकडं आले त्या दिवशीबी हितपर्यंतच दिसत होतं. आणि तुझं लुगडं मी कंदिलातच जुळवलं होतं."

मी फळी उघडली, तिथनं तसाच खडेबाजारात गेलो, आणि पेढीच्या पायरीवर, भर उन्हात, पदराचा तुकडा मांडीवर पसरून म्हणालो, "जांभळ्या सुताच्या लडी काढा. हायत तेवढ्या."