सॅमसन अंकलच्या शर्टावरचा डाग

चर्चमध्ये द्राक्षरसाचा वास आला, की मला सॅमसन अंकल आठवतात. ओमानमधल्या बरका गावातल्या आमच्या कंपनीत ते सुपरवायझर होते आणि शुक्रवारी मस्कतच्या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूचं शरीर आणि रक्त मानून घ्यायची भाकर आणि द्राक्षरस, वाटायचे. गावाकडे माझी आई वारली तेव्हा त्यांनी रजा नाकारली. “आता जाऊन काय करणार? कामाला लाग.” त्याच शुक्रवारी त्यांनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन रडत प्रार्थना केली आणि द्राक्षरसाच्या पेल्यांचा ट्रे माझ्यापुढे धरला.

“तुमच्या हातून नको,” मी मोठ्याने म्हणालो. ट्रे हलला, त्यांच्या पांढऱ्या शर्टावर लाल डाग पसरला.

तेव्हा वाटलं, ढोंगी माणूस उघडा पडला. आता मीही त्यांच्यासारखाच दर शुक्रवारी डोळे मिटून भक्तिभावाचा आव आणून बसतो. पेला ओठांना लागतो तेव्हा प्रभूचं रक्त आठवत नाही, तो डाग आठवतो. आणि रस आणखी गोड लागतो.