खांब्याचा रकाना

खांब्याच्या छातीवर कायम कुणाच्या ना कुणाच्या कोपराचा काळानिळा डाग असायचा. मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरातल्या स्टेडियममध्ये दर रविवारी दुपारी आमचा मराठी संघ बास्केटबॉल खेळायचा. मॅच संपली की तो शर्ट वर करून नवा डाग दाखवायचा आणि म्हणायचा, "बघा, आज एक नंबरची जर्सी छापली गेली." आम्ही हसायचो. तो डाग माझ्या पॉइंट्ससाठी पडलेला असायचा, हे मला तेव्हाही माहीत होतं. आज हे लिहितोय, कारण गेली तीन वर्षं मी हे आमच्या संघात कुणालाच सांगितलेलं नाही आणि आता गप्प राहण्याचाच संताप येतो.

नाव खांब्या पडलं ते त्याच्या उभं राहण्यावरून. माझ्यामागे धावणाऱ्या खेळाडूच्या वाटेत तो जाऊन नुसता उभा राहायचा. तो खेळाडू त्याच्यावर आदळायचा, मी मोकळा सुटायचो आणि बॉल बास्केटमध्ये टाकायचो. बॉल रिंगवरून परत आला की समोरच्या उंच माणसाला तो पाठीने रेटून धरायचा आणि बॉल आपसूक माझ्या हातात पडायचा. पॉइंट माझ्या नावावर, रिबाउंडही माझ्या नावावर. खांब्याच्या नावावर फक्त फाउल. स्वतः बास्केटखाली एकटा असला तरी शूट करायचा नाही. "माझा हात लाकडाचा आहे, तू टाक," म्हणायचा.

तो मूळचा सांगलीचा. शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर शिकलेला. मेलबर्नला अकाउंटिंग शिकायला आला होता, पण पुढे बस ड्रायव्हर झाला आणि त्यातच रमला. आमच्या संघात तो सोडून बाकी आठही जण आयटीवाले. हा मुद्दा मी मुद्दाम लिहितोय. आमच्यापैकी एकानेही तो कधी उच्चारला नाही, आणि एकाच्याही डोक्यातून तो कधी गेला नाही.

कोर्टवर त्याचं तोंड क्षणभर बंद नसायचं. "डावीकडं! डावीकडं बघ की लेका, तिकडं काय सासुरवाडी आहे?" आमच्या कॅप्टनला तर तो भर मॅचमध्ये म्हणाला होता, "अरे, तू मॅनेजर ऑफिसात. इथं पळायचं असतंय." कॅप्टनला ते लागलं. चेहऱ्यावर हसू होतं, पण लागलं. खांब्या काही संत नव्हता. हट्टी होता, उशिरा यायचा, दुसऱ्याची पाण्याची बाटली तोंडाला लावायचा. पण तो ओरडायचा तेव्हा आम्ही योग्य जागी असायचो, आणि तो बाहेर बसला की पाच जण पाच दिशांना.

आकडे ठेवायचं काम माझं. दिवसभर ऑफिसात मी तेच करतो, म्हणून मीच मागून घेतलेलं. मॅचचं मोबाईलवर रेकॉर्डिंग व्हायचं, ते सोमवारी बघून मी शीट भरायचो : पॉइंट, रिबाउंड, असिस्ट. मग ग्रुपवर टाकायचो. सगळे आपापलं नाव शोधायचे, मोठी माणसं शाळेचं प्रगतिपुस्तक हाती आल्यासारखी हुरळून जायची. सगळ्यात वर बहुधा मीच. खांब्याने एकदा विचारलं, "भावा, मी त्या लंब्याला अर्धा तास अडवून धरला, ते कुठल्या खान्यात लिहितोस?"

"ते यात येत नाही रे."

"बरं. आकडा खोटा नसतोय म्हणा. पण लिहिणारा कुठं बघत होता, ते त्या आकड्यात नसतंय."

मी ते वाक्य विनोद म्हणून ग्रुपवर टाकलं. चार जणांनी अंगठे दाखवले.

त्या वर्षी ईस्टरला कॅनबेराला मराठी संघांची स्पर्धा ठरली. नावं आठच कळवायची होती, आम्ही होतो नऊ. एकाला वगळायचं होतं.

खांब्याला जायचंच होतं. त्याची मुलगी सई, चौदा वर्षांची, कॅनबेरातच, गुंगालिन भागात आईकडे राहायची. ती स्वतः उत्तम खेळायची. फोनवर तो तिला पॉइंट विचारायचा नाही, "आज किती जणींना मोकळं केलंस?" असं विचारायचा. संसार मोडला तो त्याच्या शिफ्टमुळे, असं तो स्वतःच सांगायचा. पहाटे चार तास, संध्याकाळी चार तास, पोरीचा वाढदिवस असो की शाळेतलं नाटक, बाबा शिफ्टवर. "शिफ्ट हा शब्द तिच्यासमोर काढायची सोय नाही मला," असं म्हणायचा. या वेळी त्याने दोन महिने आधीपासून ड्यूट्या बदलून घेतल्या होत्या. सई त्याला खेळताना पहिल्यांदा बघणार होती.

निवड करायला आम्ही कॅप्टनच्या घरी जमलो, आणि आमच्यासारख्यांनीच करावा असा मूर्खपणा केला. कोण कसा खेळतो हे आमच्या अठरा डोळ्यांनी वर्षभर पाहिलं होतं, तरी आम्ही टीव्हीवर माझी शीट लावली.

आता ती गोष्ट. त्या शीटमध्ये आणखी एक रकाना होता. कोण मैदानात असताना आमचा संघ किती पुढे गेला किंवा किती मागे पडला, याचा. मी तो आदल्या आठवड्यात कुतूहलापोटी भरला होता. त्यात सगळ्यात वर खांब्या होता आणि सगळ्यात खाली मी. मला धक्का बसला म्हणालो तर ते आणखी एक खोटं होईल. रेकॉर्डिंगमध्ये दर सोमवारी दिसतच होतं. मी बॉल टाकून हात हवेत ठेवून स्वतःचं कौतुक बघत उभा, आणि समोरचे पाच जण आमच्या चौघांवर धावून जातायत. कॅप्टनच्या घरी निघण्यापूर्वी गाडीत बसूनच मी लॅपटॉप उघडला, त्या रकान्यावर क्लिक केलं आणि तो लपवला. दोन सेकंद लागले.

टीव्हीवर खांब्या नवव्या नंबरवर आला. कॅप्टन म्हणाला, "सॉरी मेट, इट्स नथिंग पर्सनल. डेटा आहे."

ज्या सात जणांना तो दर रविवारी मोकळं करायचा ते समोशांकडे बघत बसले. खांब्याने माझ्याकडे पाहिलं. मी चार्जरची वायर गुंडाळत होतो.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "एवढा लांब खांब कोण वाहून नेणार?"

कॅनबेराला पहिल्या मॅचच्या मध्यंतरात एक उंच मुलगी आमच्या बाकाशी आली. खांब्याचेच खांदे. मला म्हणाली, "हाय अंकल. वेअर्स माय डॅड?" त्याने तिला सांगितलंच नव्हतं. फोनवर सांगायची लाज वाटली असणार. मी खरं सांगू शकलो असतो. त्याला आम्ही घेतलं नाही, एवढं म्हणायला चार शब्द लागतात. पण 'का' असं तिने विचारलं असतं. मी म्हणालो, "त्याला अचानक शिफ्ट लागली, बेटा."

"ऑफ कोर्स," ती म्हणाली. हुडी डोक्यावर ओढली आणि निघून गेली.

दुसऱ्या हाफमध्ये प्रेक्षकांतून आवाज आला, "डावीकडं! डावीकडं बघा की लेकांनो!" खांब्या. पाठीवर सॅक, डोळे लाल. रात्रभर बसने प्रवास करून आला होता, पोरीशेजारी बसून मॅच बघायला आणि तिला समोरासमोर सांगायला. बस वाटेत दोन तास बंद पडली होती. एक डोळा आमच्यावर, एक दारावर. आम्ही हरलो. त्याने विचारलं, "सई दिसली का रे?" कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. मी सईला काय सांगितलं ते त्याने ऐकलं होतं.

मी म्हणालो, "नाही."

त्याने फोन लावून पाहिले, पण तीही उचलेना, तिची आईही उचलेना. त्या दिवसापासून सईने त्याचा फोन घेणं बंद केलं. का, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं, कॅप्टनला होतं. आम्ही दोघं त्यानंतरही दर रविवारी त्याच्यासोबत खेळलो, त्याच्यामागून मोकळे सुटलो, आणि मी दर सोमवारी शीट भरली.

आठ महिन्यांनी त्याने डार्विनला बसचं काम घेतलं. "इथं थांबून कुणाची वाट बघू?" म्हणाला. तेव्हा कुठे मला कंठ फुटला. त्याच्या घरी खोकी भरून झाली होती. मी आधी रकान्याचं सांगितलं. सोपं होतं ते.

"ते मला माहीत होतं की," तो टेप फाडत म्हणाला. "मी कोर्टवरच होतो ना. शीट कशाला लागतीय?"

मग सईचं सांगितलं. टेप त्याच्या हातातच राहिली.

"तू तिला शिफ्ट म्हणालास?"

"हो."

"दुसरं काहीही सांगायचं होतंस. मेला म्हणायचं होतंस."

मी आकड्यांचं काहीतरी बोलू लागलो, माझ्या अहंकाराचं, माझ्या लाजेचं. त्याने हात वर केला. एवढी वर्षं खांब्याला ओरडताना ऐकलं होतं, त्या दिवशी आवाज इतका खाली होता की पुढे वाकावं लागलं. "तुझं मला काही नको. सगळे पॉइंट घे, तो रकाना पण घे." खिशातून फोन काढून त्याने सईचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "तिला फक्त बाप आला होता एवढं सांग."

रिंग संपली. मेसेज ठेवायला सांगणारा तिचा आवाज आला, आणि बीप. "सई, मी तुझ्या बाबांच्या टीममधला अंकल बोलतोय," मी म्हणालो. "त्या दिवशी शिफ्ट नव्हती. मी खोटं बोललो. त्याला टीममधून काढलं होतं, तेही माझ्यामुळे. तरी तो आला होता. तू गेल्यावर आला. सारखा दाराकडे बघत होता."

खांब्याने फोन काढून घेतला, स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि खिशात टाकला. मग दार उघडून धरलं. मी बाहेर पडलो.

तिने पुढे फोन केला की नाही, मला माहीत नाही. माझा नंबर त्याने ब्लॉक केलाय, आणि त्याच्याकडे हे विचारायला दुसऱ्या कुणाला पाठवायचा निर्लज्जपणा मी अजून केलेला नाही.