कोनाड्यातला कप

माझी बायको सुभद्रा वारली. महिनाभरानं गावच्या पटेलाच्या सुनेनं मले आपल्या अंगणातल्या मंडपात उभं केलं, हाती माइक दिला आन् म्हणाली, "बाबाजी, जिसके लिए मन में आभार है, बोलिए."

आमचं गाव किरनापूरकडलं. यंदा मिरवणुकीवरून आमच्या आन् पटेलाच्या मोहल्ल्यात दगड चालले. तवापासून ते आमच्या बोरिंगवर येत नाहीत, आमी त्यायच्या चक्कीवर जात नाही. सून शिकलेली, बालाघाट शहरातली. तिच्या डोक्यात आलं का सगळ्यायनं एका जागी बसून एकमेकायचे आभार मानावे, मनं जुळतील. पोरगी मनाची वाईट नाही. हे मी आजही म्हणतो.

माझ्याआधी एकेक जण उठत होता. आमच्या मोहल्ल्यातले पटेलाचे आभार मानत होते. पटेलाकडचे देवाचे मानत होते. आमचे कोणीच मानले नाहीत.

मले माइक देऊन सुनेनं चमकत्या कागदातून एक वस्तू काढली. पांढरा कप. निळं फूल. कान तुटलेला.

"अम्मा इसी में चाय पीती थीं. उनका फेवरेट था. अम्मा तो घर की ही थीं."

टाळ्या पडल्या. तिनं कप माझ्या हाती दिला.

मी कप ओळखला. सुभद्रानं जन्मभर त्या घरचं शेण काढलं, भांडे घासले. कपाचा कान घरात तुटला, तवा तो गोठ्यात आला. कोनाड्यात, ढोराच्या औषधाच्या बाटलीजवळ. चहा वरून ओतत, भांडं कपाले लागू नये म्हणून. पिऊन झाला का तिनंच धुवायचा, तिनंच पालथा घालायचा. सुनेले हे कोणी सांगितलंच नाही. तिले वाटलं, बुढीले गाईजवळ बसाले आवडते.

सुभद्रा घरी आली का पुन्हा चहा मांडे. म्हणे, "तिथला चहा घशाखाली उतरते, पोटात नाही जात."

मी पटेलीनबाईच्या खुर्चीपाशीच उभा होतो. बाई सुनेले हळूच म्हणाली, पण माझ्या हातातला माइक चालू होता. सगळ्या मंडपानं ऐकलं.

"अवं, तो कप काहून देऊन राह्यली त्याले? राहू दे कोनाड्यात. उद्यापासून त्याची सून येते ना कामाले."

माझी सून रेखा मागं सतरंजीवर बसली होती. तिनं मान खाली घातली.

सुभद्रा राख झाली, तरी कप जागा सोडत नव्हता. वाट पाहत होता.

चहा आला. कार्यक्रमात कागदी गिलास, सगळ्यायले सारखे. मी माइक काखेत धरला, माझ्या गिलासातला चहा त्या कपात ओतला. पटेलीनबाईपुढं धरला.

"बाई, घरचीच होती ना सुभद्रा? एक घोट घ्या यातून. मंग मी आभार मानतो."

पटेल उठला. "बुढ्या, चढली का? एवढं केलं तुमच्यासाठी, जाण ठेव जरा!"

"ठेवली, म्हणूनच धरला कप."

पटेलाच्या सुनेनं कपाकडं पाह्यलं. सासूकडं पाह्यलं. तिच्या तोंडाचा रंग उडाला. समजलं तिले. तिनं कपाकडं हात नेला.

"सूनबाई!" पटेलीनबाई ओरडली.

हात मागं गेला.

मी भरलेला कप बाईच्या पुढच्या टेबलावर ठेवला, बाजूले माइक ठेवला. रेखा माझ्याआधी उठून उभी झाली होती.

रस्त्यानं ती म्हणाली, "बाबा, उद्या?"

"लांजीकडं धान कापणी चालू हाये. तिकडं जाऊ."

"हौ. मी विळा काढून ठेवते."

मले आभार मानता येतात. सुभद्राले खांदा देणाऱ्यायचे मानले. तिच्या जलदानाच्या जेवणाले आमच्या चुलीपुढं घामाघूम होऊन पोळ्या लाटणाऱ्या बायायचे मानले. तवा कोणी माइक दिला नव्हता. पण गोठ्यातल्या चहाचे आभार माझ्या घरातून कोणी मानणार नाही. मी जितो तवर नाही, मेल्यावरही नाही. कप आमच्यासाठी कोनाड्यात ठेवला असंल, तर ठेवा.

रिकामाच राहील.