माळ पडीक नव्हता

आमच्या गावात सध्या सांगितली जाणारी हकिकत खोटी आहे. लांडगीण पिसाळली होती, तिच्या तोंडाला फेस होता, ती भरदिवसा गावावर चालून आली, म्हणून तिला मारावे लागले. परवा कमलनगरच्या बसथांब्यावर एक जण हेच रंगवून सांगत होता. मी त्याला मध्येच थांबवले. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले आहे. शिवाय त्या दिवशी मी तिथे होतो आणि तो नव्हता.

गावाच्या वरच्या अंगाला तांबड्या जांभ्याचा माळ आहे. कुसळी गवत, बोरीची झुडपे, ससे, चंडोल. मोठी झाडे नाहीत, म्हणून पंचायतीच्या लेखी तो पडीक. माझा पुतण्या पंचायतीचा सदस्य. त्याने तिथे झाडे लावण्याचे काम आणले. झाड लावणे म्हणजे पुण्य, हे आमच्याकडे कोणी तपासून पाहत नाही. आपल्याकडचा लांडगा दाट जंगलाचा प्राणी नव्हे. त्याला उघडे रान लागते. हिवाळ्यात तो अशाच माळावर बीळ धरतो. नर दुरून शिकार पोटात भरून आणतो आणि पिल्लांपुढे ओकतो. माळ गेला की तो जाईल कुठे? देशभर त्याची हीच गत झाली आहे.

गेल्या हिवाळ्यात जेसीबीला माझ्या वावरातल्या वाटेने वर जायचे होते. मी बैलगाडी आडवी लावली.

"अप्पा, कामून अडवायलाव? सरकारी काम हाय," पुतण्या म्हणाला.

"बिळात पिल्लं हायत. थंडी सरू दे, मग बोल."

"आता लांडग्याची बाळंतपणं करायलाव व्हय?"

मंडळी हसली. माझ्याशेजारी माळावर मेंढ्या चारणारा धनगर उभा होता. पुतण्या त्याच्याकडे वळला. "तुझं कोकरू त्यानंच न्हेलं की. तू तरी सांग म्हाताऱ्याला."

या धनगराच्या घरात लांडग्याने नेलेल्या कोकरामागे धावत नाहीत. तो लांडग्याचाच वाटा समजतात. धनगर म्हणाला, "त्यानं कोकरू न्हेलं. तुम्ही माळच न्यायलाव. मेंढरं काय तुमच्या अंगणात चारू?"

यालाही मंडळी हसली. मग जेसीबी पलीकडच्या अंगाने वर चढवला आणि संध्याकाळपर्यंत रोपांसाठी चर खणले. एक चर थेट बिळाच्या तोंडावरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांडगीण तुरीच्या वावरातून निघाली. वाचलेले पिल्लू ती दुसरीकडे हलवत होती. पण दिवसा दिसलेला लांडगा पिसाळलेलाच, अशी आमच्या गावाची पक्की समजूत. काठ्या निघाल्या, दगड निघाले. मी ओरडत बांधापर्यंत धावलो. ती पळू शकली असती, पण तोंडातले ओझे टाकायला ती तयार नव्हती. तिच्या तोंडात फेस नव्हता. पिल्लू होते. ती पडली तेव्हा ते बाजूला घरंगळले, आणि तेही कोणी सोडले नाही. हे ज्यांनी पाहिले तेच आज फेसाची गोष्ट सांगतात.

त्याच दिवशी सूर्य मावळताना धनगर आणि मी माळावर होतो. नर आला. बुजलेल्या बिळापाशी त्याने माती हुंगली, पोटातले मांस त्या ताज्या मातीवर ओकले आणि वाट पाहत उभा राहिला. कोणीच आले नाही.

लावलेली रोपे उन्हाळ्यात वाळून गेली. यंदा माळाच्या उरलेल्या टोकाला पुन्हा बीळ आहे आणि तिथेही चर खणायचे ठरले आहे. पलीकडचा रस्ता मात्र यांच्याच चरांनी तोडला आहे. उरली फक्त माझी वाट. म्हणून पुतण्या परवा घरी आला.

"अप्पा, जुनं उकरू नका. वाट द्या."

"आधी चावडीपुढं उभा राहून सांग, फेस न्हवता, पिल्लू व्हतं."

"सांगितलं तर द्याल?"

"न्हाई. पण चहाला बस म्हणेन."

तो चहा न घेता गेला. मी वावरात गेलो आणि गाडीच्या चाकांना आणखी दगड लावले.