मोर्णेवर कोजागिरी, मंजुळाची खिरापत

लहानपणी मंजुळा आणि मी मोर्णेच्या काठावर, पाय पाण्यात सोडून, मेथीच्या जुड्या बांधत असू. माझी जुडी सैल व्हायची. ती हसून पुन्हा बांधायची. पुढं मला कॉन्व्हेंटात घातलं आणि ती अकोल्यातच माळ्याच्या घरी सून म्हणून गेली. यंदा तिचा निरोप आला, ‘कोजागिरीले ये. बाग पाहून घे.’ मी निघाले.

अमरावतीहून जाणार असाल तर दमणी आठ दिवस आधी सांगून ठेवा. चांगले बैल सगळे कापसाला जुंपलेत; मागतील ते भाडं द्यावं लागतं. दुसरा मुक्काम मूर्तिजापूरला झाला. सराईत गरम भाकर आणि झुणका मिळाला. तिखट सोसत नसेल तर गूळ बरोबर ठेवा. पाऊस संपला तरी काळ्या मातीत चाक रुतत होतं.

"रस्ता कुणी पाहत नाही का?" मी गाडीवानाला विचारलं.

"कापूस आला न बाई, आता रस्त्याले कोन पुसते."

तिसऱ्या दिवशी पोचले. मंजुळानं पाणी देतादेताच सांगितलं: दिवाळीनंतर तिचा मुलगा नामदेव फुलबागेत नांगर घालणार, पुढच्या पावसात तिथं कापूस पेरणार. "तू बोल त्याले. शिकलेली म्हून तुले मानते."

कोजागिरीच्या संध्याकाळी भोयांच्या नावेत बसलो. नाव रुंद आहे, पण मधोमध बसा; कडेला बसलेल्यांची लुगडी भिजली. यंदा व्यापाऱ्यांनी घाटभर पणत्या लावल्या होत्या, किल्ल्याच्या भिंतीखाली सनई वाजत होती. आमच्या लहानपणी तिथं फक्त बेडूक ओरडायचे. पोरी मातीची भुलाबाई मांडीवर घेऊन बसल्या होत्या, महिनाभराची पाहुणी बोळवायला.

"नामदेव, अर्धी तरी बाग ठेव," मी म्हटलं.

"मावशी, कापूस साऱ्या जगाले लागून राहिला. गावात मीच एकटा फुलं घेऊन बसलो. लोक हसतात मले."



मग मंजुळाची खिरापत निघाली. भुलाबाईपुढं झाकलेला खाऊ बाकीच्यांनी ओळखायचा असतो. झाकणाखाली जे निघेल ते सगळ्यांना वाटायचं, कुणी नाही म्हणायचं नाही.

"लाडू?" "करंज्या?" "ओली का वाळली, थे तरी सांग आजी."

"ओली."

"भेंडीची भाजी असंन," नामदेव म्हणाला. "दुसरं काय येते हिले?"

पोरी हसल्या, आणि हरल्या. मंजुळानं फडकं काढलं. केळीच्या पानात, ओल्या मातीत बांधलेले, शेवंतीच्या मुळाशी फुटलेले मुनवे, गुलछडीचे कंद, मोगऱ्याच्या फांद्या. तिनं एकेकीच्या ओंजळीत पुडकं ठेवलं. शेवटी मुलापुढं आली.

"मी कुठं लावू?"

"कापसाच्या धुऱ्यावर, वावराच्या कडेले. जागा कमी लागते त्याले."

त्यानं घेतलं. नाव काठाला लागेपर्यंत ते दोन्ही हातांत धरून बसला.

जायचं तर कोजागिरीलाच जा, नंतर पाणी उतरतं. पणत्यांची रांग मला आताच धूसर आठवते. मंजुळाचे मातीनं भरलेले हात मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीत.

माझ्या वाट्याचं पुडकं ओल्या पोत्यात घरी पोचलं. घरच्यांनी ते असं वाटावं: शेवंती धाकट्या बहिणीची. तिच्या अंगणात सकाळचं ऊन येतं. मोगरा शेजारच्या सुईणबाईंना द्यावा. गुलछडीचे दोन कंद माझ्या शाळेतल्या सिस्टरांकडं पोचवावेत. तिसरा कंद कुणी लावू नये. अकोल्याला पुढं जो कुणी जाईल, त्यानं तो मंजुळाच्या हाती द्यावा. वाटताना तिनं स्वतःसाठी एकही ठेवला नाही.