पुश म्हंजी काय

"पुश कर! पुश! बहिरी आहेस का गं?"

असं म्हणून सिस्टरनी माझ्या उघड्या मांडीवर चापट मारली. मी टेबलावर उताणी. माझं पहिलंच बाळंतपण. वेल्ह्याच्या डोंगरातनं जीपनं आणलं व्हतं मला, हायवेकडच्या एका खासगी दवाखान्यात. सासू आन मालक भाईर. आत माझं कुणी न्हाई.

पुश. हा शब्द म्या कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, ही हुश्श म्हणतीया. गप म्हणतीया. आदीच डाक्टर मॅडम बोलल्या व्हत्या, "डोंगरातल्या बायका. जनावरासारख्या ओरडतात." म्हणून म्या पदर तोंडात कोंबला. दात आवळले. कळ यायची, आन मी अंग आखडून गप पडायची.

दुसरी चापट. "करताना बरं जमलं. आता नाटकं!"

मग मॅडमनी वॉर्डातल्या माणसाला हाक मारली. परका गडी. त्यानं कोपर माझ्या पोटावर रोवलं आन सगळा भार टाकला.

लेक झाली. निळी. रडली न्हाई.

मॅडम हात पुसत भाईर गेल्या. दार उघडंच व्हतं. मालकांना म्हणाल्या, "तुमच्या बायकोनं पुशच केलं नाही. आम्ही तरी काय करणार?"

वाडीवर तेच पसरलं. डाक्टर एवढं सांगत व्हते, पर हिनं केलंच न्हाई, म्हणं. सासू जेवाय वाढायची ती तोंड फिरवून. मालक एकदाच बोलले, "का न्हाई केलंस?" काय सांगणार? म्या काय केलं न्हाई तेच मला ठावं नव्हतं. गवत कापताना तो शब्द डोक्यात घुमायचा. त्याच्यापायी लेक गेली, आन त्याचा अर्थ माहीत न्हाई.

शेवटी अंगणवाडीच्या ताईंना विचारलं.

"पुश म्हंजी ढकल," त्या म्हणाल्या. "बँकेच्या काचेच्या दारावर लिवल्यालं असतं. जीप बंद पडली की डायवर म्हणतो, पुश द्या. सुईतलं औषध सोडत्यात, त्यालाबी पुशच म्हणत्यात."

"आन बाळंतिणीला?"

"जोर लाव म्हणायचं असतं त्यांना. कळ आली की कुथ."

कुथ! एवढंच? दाराला, जीपला, सुईला एकच शब्द, आन बाईलाबी त्योच. मराठीत म्हणाय त्यांची जीभ झडली असती? म्या जोर लावला नव्हता, कारण मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझा दोष नव्हता. त्या दिवशी लेकीसाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

पुढं धाकट्या जावेचे, सुनंदाचे दिवस भरले. दुसरा दवाखाना लई लांब, म्हणून जीप तिथंच गेली. मी तिच्यासंगं आत शिरले. सिस्टर तीच.

"नातेवाईक बाहेर!"

मी हलले न्हाई. सुनंदा कळवळली तसा सिस्टरचा हात वर गेला. म्या मनगट धरलं.

"हात लावायचा न्हाई. मराठीत सांगा तिला."

"कोण गं तू?" मॅडम वरडल्या.

"हितं एक पोरगी मेली. तिची आई."

सिस्टरनी हात सोडवून घेतला. मी सुनंदाच्या कानाशी वाकले. "कळ आली बघ. आता कुथ. लाव जोर."

पोरगा झाला. रडला.

पण निघताना मॅडम माझ्या दिराला बोलल्या, "तुमच्या वाडीचे पेशंट परत आणायचे नाहीत." तवापासनं वाडी माझ्यावर डूख धरून हाय. सासू म्हणती, "तुझ्यापायी एखादी वाटंत मरंल." मरंलबी. त्या भ्यानं मला झोप न्हाई.

शेजारच्या पारूला नववा लागलाय. काल तिचा नवरा आला. "वैनी, तुमी येऊ नका. आमी मॅडमचे पाय धरतो."

"पाय धरायचे न्हाईत," म्या म्हणलं. "तिला आत घ्यावंच लागंल, आन तिच्याजवळ मी उभी ऱ्हाणार. पोलीस बोलवत्याल? बोलवू देत. माझी लेक कशी मेली ते पोलिसांम्होरं सांगीन. आजपतोर कुणी इचारलंच न्हाई."

त्यो मान खाली घालून गेला. पारू तिच्या दारातच उभी, पोटावर हात ठेवून.

"कळा सुरू झाल्या की पयली हाक मला मार," म्या तिला सांगितलं. "त्यानं न्हाई म्हणलं तरी मार."