पुढचा पूल

"नंदाताईंना थांबता येत नाही," असे नेदरलँड्समधल्या हूफडॉर्प गावातल्या आमच्या गल्लीत म्हणत. शेजारची शामला तर म्हणे, "रांगेत पुढे एकच माणूस असला तरी त्या दुसरी रांग शोधतील." ते अगदीच खोटे नव्हते. रिंगवार्ट कालव्यावरचा पूल बोटीसाठी उचलला गेला की सगळे सायकलस्वार एक पाय खाली टेकून निमूट उभे राहतात. नंदाताई मात्र सायकल वळवून काठाकाठाने पुढचा पूल गाठत. बहुधा आमच्यानंतरच पोहोचत. पण थांबलेल्या नसत.

२०२१च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, अश्वजितला, लेहमध्ये करोना झाला. तिथल्या सौरऊर्जा प्रकल्पावर तो इंजिनिअर होता. ताप उतरला, पण फुप्फुसे सावरेनात. डॉक्टर म्हणाले, ही विरळ हवा याला पुरणार नाही, लवकर खाली न्या. सोबत घरचे कुणी असावे. आईवडील राहिले नव्हते. समुद्रसपाटीच्याही खाली वसलेल्या आमच्या गावातून नंदाताई निघाल्या.

दिल्लीहून लेहला विमाने सकाळीच जातात. दुपारी दऱ्यांतून वारा उठतो. पहिल्या सकाळी उड्डाण रद्द झाले. दुसऱ्या सकाळी विमान लेहवर पोहोचले, ढगांवर घिरट्या घालत राहिले आणि माघारी फिरले. ढगांच्या एका फटीतून त्यांना खाली घरांची छपरे दिसली होती. त्यांतल्याच एकाखाली भाऊ होता.

दिल्लीत उतरताच त्यांनी त्याला फोन केला. "मी रस्त्याने येते."

"ताई, थांब ना. आभाळ उघडेल." त्याला मध्येच धाप लागली.

"तू बोलू नकोस. ऑक्सिजन घे."

मनालीहून लेहसाठी त्यांनी गाडी केली. फोनची रेंज लवकरच गेली. एक खिंड ओलांडावी तर समोर तिच्याहून उंच दुसरी. झाड नाही, गवत नाही. गेरू, राख आणि जांभळाच्या रंगांचे उघडे डोंगर, आणि त्यांच्या अंगावरून सरपटणारी त्यांची गाडी. मास्क नाकाखाली ओढूनही श्वास पुरत नव्हता. भावाला काय होत असेल, ते त्यांना तिथे कळले.

प्रवासाच्या दुसऱ्या सकाळी आभाळ धुतल्यासारखे निळे होते. ड्रायव्हरने वर बोट दाखवले. "मॅडम, आपकी फ्लाइट."

एवढ्या शिखरांवरून तो चांदीचा ठिपका काही मिनिटांत सरकून गेला.

संध्याकाळी त्या रुग्णालयात पोहोचल्या तेव्हा अश्वजितची खाट रिकामी होती. त्यांनी कठड्याला हात टेकला. परिचारिकेने घाईने सांगितले, तो सकाळीच दिल्लीला गेला. उतरलेल्या विमानात परतीची जागा मिळाली होती. ताईंचा फोन लागत नव्हता. डॉक्टर म्हणाले, पुन्हा ढग येतील, आजच निघा. सहकारी केतन ऑक्सिजनचे छोटे यंत्र घेऊन सोबत गेला होता. बहीण ज्यासाठी धावत आली, ते तिच्या डोक्यावरून पार पडले होते.

ढग खरोखरच परत आले. मागे दरड कोसळून रस्ताही बंद झाला. आता पुढचा पूल नव्हता. रोज सकाळी त्या विमानतळावर जात, रद्द झाल्याची घोषणा ऐकत. आजूबाजूचे लडाखी लोक उठून "जुले" म्हणत एकमेकांचा निरोप घेत आणि घराकडे वळत. काउंटरवर हात आपटणारे कुणी नव्हते. एका सकाळी बाहेरच्या कट्ट्यावर बसलेल्या असताना ढग सावकाश वर गेले, आणि दरीपलीकडची बर्फाची अख्खी रांग समोर उभी राहिली. ती तिथे कायम होतीच. "एवढे मोठे काही समोर असताना घड्याळ बघायची लाज वाटली," त्या मला नंतर म्हणाल्या. त्या दिवशीही विमान आले नाही. फोनवर अश्वजित मात्र न थांबता बोलला, आणि त्यांनी त्याला बोलू दिले.

पुढच्या वर्षी, एका ढगाळ संध्याकाळी, आम्ही तिघी सायकलवरून परतत असताना रिंगवार्टचा पूल उचलला गेला. नंदाताईंनी पाय खाली टेकला. बोट अगदी रमतगमत येत होती.

शामलाने डिवचलेच. "काय हो ताई, आज पुढचा पूल नाही? वय झाले वाटते."

नंदाताईंनी मानही वळवली नाही.

"मागच्या खेपेला वळसा घालून चुकीच्या काठावर पोहोचले होते. आता गप्प उभी राहा आणि बोट बघ."